इजिप्तचे देव आणि देव झालेले राजे

इजिप्तचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांसमोर तीन वस्तु उभ्या राहतात: वाळवंटांतील पिरॅमिड, कापडांत गुंडाळलेली ममी आणि सोन्याचा मुखवटा. या तिन्ही वस्तु मृत राजांच्या आहेत. जिवंत राजा तेथें काय करीत असे, त्याचा देवांशीं व्यवहार कसा चाले, आणि देव म्हणून मिरवणाऱ्या या राजाचा पोटासाठीं राबणाऱ्या माणसाला कितपत उपयोग होता, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आज त्यांविषयींच थोडें बोलावें असा माझा विचार आहे.

इजिप्तमधील कोणत्याही प्राचीन देवळांत शिरलें म्हणजे एक गोष्ट तत्काळ नजरेस येते. भिंतींवर जिकडे तिकडे देवपूजेचीं चित्रें कोरलेलीं असतात आणि पूजा करणारा प्रत्येक ठिकाणीं एकच असतो, तो म्हणजे राजा. तोच धूप दाखवितो, तोच मद्याचे कुंभ अर्पण करितो, तोच देवाच्या हातून प्राणचिन्ह स्वीकारतो. पुजारी जवळजवळ दिसतच नाहीं. वस्तुस्थिति अर्थात् निराळी होती. नाईलच्या कांठीं देवळें पुष्कळ आणि राजा एकटा. रोज पहांटे गाभाऱ्याच्या दाराची मोहोर तोडून देवाला जागें करणें, त्याला वस्त्रें नेसविणें, नैवेद्य दाखविणें आणि शेवटीं जमिनीवरील आपल्या पावलांच्या खुणा झाडून बाहेर पडणें, हें सारें काम पुजारीच करीत. आपल्या देवळांतील नित्योपचार ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना हा क्रम मुळींच परका वाटणार नाहीं. परंतु तो पुजारी तेथें स्वतःच्या अधिकारानें उभा नसे. राजानें आपणांस पाठविलें आहे असें देवाला सांगूनच तो आंत जाई. शास्त्रार्थानें पाहतां सबंध देशांत देवापुढें उभें राहण्याचा अधिकार एका राजालाच होता. कारण तो स्वतः देवांच्या कुळांतला होता.

ज्याला आपण 'फराओ' म्हणतों तो शब्द मूळचा राजाचा वाचकच नव्हे. 'पेर-आ' म्हणजे मोठें घर, राजवाडा. इ. स. पूर्व पंधराव्या शतकाच्या सुमारास तो शब्द प्रत्यक्ष राजाला लावूं लागले. 'सरकारांची मर्जी', 'दरबारचा हुकूम' असे प्रयोग करणाऱ्या भाषेच्या लोकांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. राजाचीं खरीं नांवें पांच असत. त्यांपैकीं सर्वांत जुनें नांव होरस देवाचें. होरस म्हणजे ससाण्याच्या रूपांतला आकाशदेव. इ. स. पूर्व ३१०० च्या सुमारास नार्मर राजानें उत्तर आणि दक्षिण इजिप्त एका छत्राखालीं आणलें असें मानतात. त्याच्या विजयाचें चित्र कोरलेली एक दगडी पाटी उपलब्ध आहे. तिच्यावर हा ससाणा जिंकलेल्या प्रदेशाच्या नाकांत दोर घालून तो राजापुढें ओढून आणतांना दाखविला आहे. पुढें राजा स्वतःला सूर्याचा, म्हणजे रा देवाचा, पुत्रही म्हणवूं लागला.

होरसची कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुढलें कांहींच कळणार नाहीं. ओसायरिस हा पृथ्वीवरील पहिल्या राजांपैकीं एक. त्याचा भाऊ सेथ यानें मत्सरानें त्याचा घात केला आणि देहाचे तुकडे देशभर विखरून टाकले. त्याची पत्नी आयसिस हिनें ते वेंचून एकत्र केले, मंत्रबळानें त्यांत प्राण फुंकले, आणि तिला होरस हा पुत्र झाला. वयांत आल्यावर होरसनें काकाशीं झुंज घेऊन बापाची गादी परत मिळविली. ओसायरिस मात्र मृतांच्या राज्याचा धनी झाला. तेव्हांपासून गादीवरला राजा तो होरस, आणि निवर्तलेला राजा तो ओसायरिस. एक मेला म्हणजे दुसरा त्याला विधिपूर्वक पुरतो, आणि त्या पुरण्यानेंच तो होरस ठरतो. मागल्या राजाची उत्तरक्रिया हीच पुढल्या राजाची सनद, असा हा हिशेब होता.

देवांच्या मोठ्या परिवाराची मोजदाद मी करीत बसत नाहीं. मेंफिसचा प्ताह हा कारागिरांचा देव, हेलिओपोलिसचा रा, लेखनविद्येचा अधिपति थोथ, त्याला पाणपक्ष्याचें तोंड, प्रेतांचा रक्षक अनुबिस, त्याला कोल्ह्याचें, हाथोर गाईच्या रूपांत. हीं तोंडें पाहून ग्रीक आणि रोमन लोकांनीं पूर्वीं पुष्कळ थट्टा केली, आणि गजाननाचे उपासक असलेल्या आपणांस ती थट्टा करण्याचा अधिकार मुळींच नाहीं. ज्या लोकांची लिपीच चित्रांची होती, त्यांच्या दृष्टीनें देवाचें मस्तक हें त्याच्या स्वभावाचें एक अक्षर होतें, इतकेंच. या मंडळींत थीब्स नगराचा अमून हा आरंभीं एक सामान्य ग्रामदेव होता. त्याच्या नांवाचा अर्थ 'अदृश्य', 'गुप्त' असा आहे. थीब्सचे राजे सबंध देशाचे स्वामी झाले तशी त्याचीही पदवी वाढली आणि तो रा देवाशीं एकरूप होऊन देवांचा राजा झाला.

या सर्वांच्या वर, किंवा सर्वांच्या मुळाशीं म्हणा, एक लहानशी देवता होती. तिचें नांव माअत. डोक्यावर शहामृगाचें एक पीस, एवढेंच तिचें भूषण. माअत म्हणजे सत्य, न्याय, आणि सृष्टीचा सरळ चाललेला क्रम. आपल्या वैदिक वाङ्मयांतील 'ऋत' ही कल्पना तिच्या जवळची आहे. सूर्य वेळेवर उगवणें, नाईलला वेळेवर पूर येणें, विधवेला तिचा शेताचा तुकडा मिळणें आणि मजुराला त्याचें धान्य मिळणें, या सर्व गोष्टी एकाच माअतच्या होत. मेल्यावर माणसाचें काळीज ज्या तराजूंत तोलावयाचें त्याच्या दुसऱ्या पारड्यांत हेंच पीस असे. देवळांच्या भिंतींवर राजा अनेक उपहार अर्पण करितो, पण त्यांतला सर्वांत मोठा उपहार कोणता म्हणाल, तर तळहातावर ठेवलेली माअतची इवलीशी मूर्ति. देवांनीं राजाला पृथ्वीवर बसविलें तें याचसाठीं: त्यानें माणसांचा न्याय करावा, देवांना तृप्त ठेवावें, आणि अनृताला हांकून लावावें.

म्हणून मला असें वाटतें कीं, इजिप्तच्या राजाचें देवत्व हें उसनें घेतलेलें होतें. देव होती ती गादी. तिच्यावर बसणारा माणूस ताप येऊन पडे, म्हातारा होई, क्वचित् मूर्खही निघे, हें त्याच्या प्रजेला पूर्ण ठाऊक होतें. जोंवर माअतचें देणें तो फेडीत आहे तोंवर त्याचें देवत्व निर्वेध चाले. तें देणें थकलें म्हणजे काय होई, तें मला आज विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

वसूल कसा होत होता तें आधीं पाहूं. खुफू राजाचा गीझाचा पिरॅमिड इ. स. पूर्व सुमारें २५६० चा. मूळ उंची १४६ मीटर, आणि दगड सुमारें २३ लक्ष. गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढून तो बांधून घेतला अशी एक समजूत आपल्या शालेय पुस्तकांतून आणि चित्रपटांतून रूढ झाली आहे. २०१३ सालीं तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी अल्-जर्फ येथें पपायरसचे जे कागद सांपडले, त्यांत मेरेर नांवाच्या एका मुकादमाची रोजनिशी निघाली. तो आपली टोळी घेऊन तुर्‍याच्या खाणींतला चुनखडीचा दगड होडींतून गीझाला पोंचवीत असे. आज भरला, उद्यां निघालों, परवां पोंचलों, अशा त्या कोरड्या नोंदी आहेत. आणि त्यांच्याच जोडीला धान्य किती आलें, कोठून आलें, याचे तक्ते आहेत. देवाचें थडगें बांधणाऱ्या माणसाला रोजची भाकरी पोंचत होती. हिशेब दोन्ही बाजूंनीं चोख होता.

आतां बारा शतकें ओलांडून पुढें येऊं. तिसऱ्या थुतमोस राजानें इ. स. पूर्व पंधराव्या शतकांत सीरियापर्यंत स्वाऱ्या केल्या आणि लुटीचा मोठा वांटा थीब्सच्या अमूनच्या चरणीं वाहिला. कार्नाकचें तें देऊळ पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेलें. अमूनचीं शेतें, अमूनचीं गुरें, अमूनचीं गलबतें, आणि या सर्वांचे हिशेब ठेवणारे अमूनचे पुजारी. राजानें देवाला दिलें म्हणून देव मोठा झाला, आणि देव मोठा झाला म्हणून राजाला त्याचा कौल घेणें भाग पडूं लागलें. अशा स्थितींत इ. स. पूर्व १३५३ च्या सुमारास चौथा आमेनहोतेप गादीवर आला.

याच्या नांवाचा अर्थ 'अमून संतुष्ट आहे' असा होता. राज्याच्या पांचव्या वर्षाच्या सुमारास त्यानें तें टाकून आखेनातेन हें नांव घेतलें. आतेन म्हणजे सूर्याचें बिंब. त्याला मस्तक नाहीं, वाहन नाहीं, पत्नी नाहीं. केवळ एक वर्तुळ, त्यांतून किरणें निघालेलीं, आणि प्रत्येक किरणाच्या टोंकाला एक लहानसा हात. थीब्स सोडून राजानें नाईलच्या पूर्व तीरावर एका ओसाड जागीं नवी राजधानी वसविली. तिला आज अमर्ना म्हणतात. ही जागा पूर्वीं कोणत्याही देवाची किंवा देवीची नव्हती, असें त्यानें सीमेवरील शिलालेखांत मुद्दाम कोरून ठेविलें आहे. एकेश्वरी पंथाचा पहिला द्रष्टा म्हणून त्याची पुष्कळ स्तुति झाली आहे. मलाही ती एके काळीं पटत असे. परंतु त्या चित्रांकडे थोडें लक्ष देऊन पाहा. सूर्याचे ते हात प्राणचिन्ह धरतात तें राजा आणि राणी नेफेर्तिति यांच्याच नाकाशीं. बाकीचे लोक वांकून उभे. आय नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत आतेनचें जें दीर्घ स्तोत्र कोरलें आहे त्याच्या अखेरीस असा भाव आहे कीं, या देवाला जाणणारा एका राजावांचून दुसरा कोणीही नाहीं. पूर्वीं राजा देवापुढें प्रजेच्या वतीनें उभा असे. आतां तो देव आणि प्रजा यांच्या मध्यें उभा राहिला. अमूनच्या जुन्या देवळांत ज्याला गाभाऱ्यापर्यंत जातां येत नसे, त्यालाही उत्सवांत पालखीपुढें गाऱ्हाणें घालतां येत असे. बिंबाला पालखी कोठून असणार!

लोकांनीं काय केलें? ते गप्प राहिले. अमर्नाच्या सामान्य घरांत उत्खननांत जे ताईत सांपडले त्यांत बाळंतिणीचा रक्षक बुटका बेस आणि पाणघोड्याच्या रूपांतली तावेरेत यांचे पुष्कळ आहेत. राजाच्या नव्या नगरींत, राजवाड्यापासून हांकेच्या अंतरावर, बायकांनीं आपले जुने देव गळ्यांत बांधून ठेविले होते. आणि त्या नगरीनें गरिबांना काय दिलें तें त्यांच्या हाडांवरून कळतें. २००६ सालापासून तेथील साध्या दफनभूमीचें उत्खनन झालें. वाढ खुंटलेलीं हाडें, ओझ्यानें पिचलेले मणके, तारुण्यांतच आलेलें मरण, असा तो पुरावा आहे. देवाला अर्पण केलेल्या अन्नानें भरलेल्या शेंकडों वेदींचीं चित्रें त्याच नगराच्या थडग्यांत कोरलेलीं आहेत.

परदेशच्या राजांनाही या सूर्यभक्तीची झळ लागली. १८८७ सालीं अमर्ना येथें मातीच्या भाजक्या पाट्या निघाल्या. त्या त्या काळच्या राजांच्या पत्रव्यवहाराच्या आहेत आणि त्यांची संख्या साडेतीनशेंच्या वर आहे. असुर देशाच्या राजानें एका पत्रांत विचारलें आहे कीं, माझ्या वकिलांना उन्हांत तिष्ठत कां ठेवतां? त्यांत राजाचा कांहीं लाभ असेल तर मरूं देत बापडे. पण लाभ नसेल तर त्यांनीं उन्हांत कां मरावें? आतेनच्या देवळांना छप्पर नव्हतें, आणि भर दुपारीं उघड्यावर चाललेल्या समारंभांत त्या बिचाऱ्यांची काय गत झाली असेल याची कल्पना ज्याची त्यानें करावी. मितन्नीचा राजा तुश्रत्त याची तक्रार निराळी आहे. हा तुश्रत्त आपल्याला अगदींच परका नव्हे. त्याचें नांव आर्यभाषेंतलें आहे, आणि त्याच्या घराण्यानें हित्ती राजाशीं इ. स. पूर्व चौदाव्या शतकांत केलेल्या तहांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीस बोलाविलें आहे. आखेनातेनच्या बापानें आजारपणांत असतां या तुश्रत्तानें निनेव्हेची देवी सन्मानानें इजिप्तला पाठविली होती, कारण तेव्हां एका राजाचा देव दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून जात असे. त्या वृद्ध राजानें त्याला भरीव सोन्याच्या मूर्ति देण्याचें कबूल केलें होतें. मुलानें पाठविल्या त्या लांकडाच्या, वर सोन्याचा पत्रा. तुश्रत्तानें तें दुःख पत्रामागून पत्रांत उगाळलें आहे.

मग आखेनातेननें अमूनचें नांव पुसण्याची आज्ञा दिली. हें कृत्य किती घोर होतें तें समजण्यासाठीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी लागते. इजिप्शियन समजुतीप्रमाणें नांव हा माणसाच्या जिवाचाच एक भाग. नांव उच्चारलें जात आहे तोंवर मेलेलाही जिवंत, आणि नांव पुसलें तर तो दुसऱ्यांदा मेला. छिन्नी घेतलेलीं माणसें देशभर हिंडलीं. उंच स्तंभांच्या टोंकांवर चढून त्यांनीं अमूनचीं अक्षरें खरवडलीं. राजाच्या प्रत्यक्ष बापाच्या नांवांत अमून होता, तेथेंही छिन्नी चालली. कित्येक ठिकाणीं 'देव' या शब्दाचें अनेकवचनसुद्धां खोडलेलें आढळतें.

सतरा वर्षांनीं तो मेला. मागून गादीवर आलेला मुलगा तुतनखातेन याचें नांव फिरवून तुतनखामेन करण्यांत आलें, आणि जुने देव परत आले. त्याच्या नांवें कोरलेल्या एका शिलालेखांत मागल्या काळाचें वर्णन आहे: देवळें ओस पडलीं, गाभाऱ्यांत रान माजलें, देवांनीं या देशाकडे पाठ फिरविली, कोणी धांवा केला तरी देव येत ना. विजेत्या पक्षाची ही भाषा आहे, हें विसरूं नये. पण थकलेल्या देण्याची ती यादीच आहे. आखेनातेनचें नांवही नंतर तसेंच पुसलें गेलें. त्याच्या देवळांचे दगड होरेमहेब राजानें कार्नाकच्या प्रचंड दरवाजांच्या पोटांत भरावासाठीं घातले. (आणि हाच होरेमहेब तुतनखामेनच्या त्या शिलालेखावर आपलें नांव कोरून मोकळा झाला!) अबिडॉसच्या देवळांत ७६ पूर्वज राजांची नामावळी कोरलेली आहे, तींत आखेनातेन नाहीं, तुतनखामेन नाहीं, आणि ज्याच्या थडग्यांत तें स्तोत्र आहे तो आयही, पुढें राजा होऊन आणि अमूनकडे परतूनही, नाहीं. दुसऱ्या रामसेसच्या कारकीर्दींत मोसे नांवाच्या गृहस्थाचा एक जमिनीचा दावा चालला होता. त्यांत जुन्या साक्षीची तारीख सांगतांना आखेनातेनच्या वर्षाचा उल्लेख करणें भाग पडलें. नांव तर घ्यावयाचें नाहीं. म्हणून 'आखेतातेनचा शत्रु' एवढ्यावर भागविलें आहे. एका देव झालेल्या राजाची शेवटची नोंद शेतीच्या दाव्यांत, आणि तीही अशी.

गंमत अशी कीं, पुसला गेल्यामुळेंच तुतनखामेन वांचला. त्याचें थडगें कोठें आहे हेंच लोक विसरले. त्याच्या दारावर पुढल्या काळांतील कामगारांच्या झोंपड्या उठल्या. १९२२ सालीं हॉवर्ड कार्टरनें तें उघडलें तेव्हां दहा किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा मुखवटा जसाच्या तसा होता.

आतां त्या कामगारांकडेच वळूं. थीब्सच्या पश्चिमेस डोंगराच्या खोलगटांत देर अल्-मदीना नांवाची त्यांची वसाहत होती. हे पाथरवट आणि चितारी पिढीजात राजांचीं थडगीं खोदीत आणि रंगवीत. गांवांत विहीर नव्हती. पाणीदेखील गाढवांवरून यावयाचें. एका कामकऱ्याचा महिन्याचा शिधा चार पोतीं खपली गहूं आणि दीड पोतें सातू असा ठरलेला होता. एका पोत्यांत सुमारें ७५ लिटर धान्य मावे. त्याशिवाय मासे, भाजी, सरपण. राजा तिसरा रामसेस होता. त्यानें आपल्या आठव्या वर्षीं समुद्रावरून चालून आलेल्या टोळ्यांना मागें हटविलें होतें आणि देवळांवर तर संपत्तीचा पाऊस पाडला होता. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें चाळीस मीटरांहून अधिक लांबीचा एक पपायरस आहे. त्यांत त्याच्या दानांची यादी आहे. एकट्या थीब्सच्या अमूनच्या नांवावर ८६,००० हून अधिक माणसें आणि ४ लक्षांहून अधिक गुरें होतीं.

आणि याच राजाच्या २९ व्या वर्षीं, इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, त्याचें स्वतःचें थडगें खोदणाऱ्यांचा शिधा थकला. महिना सुरू होऊन दिवसांमागून दिवस गेले तरी धान्य येईना. तेव्हां त्यांनीं हत्यारें खालीं ठेविलीं, दफनभूमीच्या चौक्या ओलांडल्या, आणि थुतमोस राजाच्या देवळामागें जाऊन ते बसून राहिले. लिखित पुराव्यांतला जगांतील हा पहिला संप मानतात. अमेननख्त नांवाच्या लेखकानें त्याची दिवसवार हकीकत लिहून ठेविली; ती इटलींतील तुरीनच्या संग्रहालयांत आहे. भूक आणि तहान यांनीं आम्हांला येथें आणलें, असें ते अधिकाऱ्यांना सांगतात. वस्त्र नाहीं, तेल नाहीं, मासे नाहींत, भाजी नाहीं. हें फराओला कळवा. दुसऱ्या खेपेस तर ते स्पष्ट म्हणतात कीं, आमची तक्रार केवळ पोटाची नाहीं. फराओच्या या जागीं अनाचार झाला आहे. ही भाषा माअतची आहे. राजा देव आहे हें त्यांनीं नाकारलें नाहीं. उलट तो देव आहे म्हणूनच त्याच्या नांवानें त्यांनीं मागणें मागितलें.

त्याच सुमारास राजाच्या तिसाव्या वर्षाच्या महोत्सवाची तयारी चालली होती. त्यासाठीं दक्षिणेंतील देवांच्या मूर्ति नौकांतून उत्तरेकडे न्यावयाच्या होत्या. वजीर त्या कामासाठीं थीब्सला आला, देव घेऊन गेला, आणि या भुकेल्या माणसांना न भेटतां गेला. मागाहून त्यानें निरोप धाडला: कोठारांत कांहीं नाहीं, तरी जें सांपडेल तें देईन. मिळालें तें अर्ध्या शिध्याइतकें. संपूर्ण हकीकतींत मला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. देवांना नेण्यासाठीं नौका होत्या. धान्य आणण्यासाठीं नव्हत्या.

तिसऱ्या रामसेसचा शेवट त्याच्याच अंतःपुरांत झाला. तिये नांवाच्या एका राणीनें आपला मुलगा पेंतावेर याला गादी मिळावी म्हणून कट रचला. त्या खटल्याचा वृत्तांत उपलब्ध आहे. कटवाल्यांनीं मेणाच्या बाहुल्या करून पहारेकऱ्यांवर जादूटोणा केला. आणि न्यायाधीशांपैकींच कांहीं जण आरोपी स्त्रियांबरोबर मद्यपान करतांना सांपडले, त्यांचीं नाककानें कापलीं गेलीं. आरोपींचीं नांवेंही शिक्षेदाखल फिरविलेलीं आहेत. 'रा ज्याच्यावर प्रेम करितो' या नांवाच्या माणसाची नोंद 'रा ज्याचा द्वेष करितो' अशी केली आहे. परंतु राजा त्या कटांत मेला कीं वांचला हें कागदावरून स्पष्ट होत नव्हतें. २०१२ सालीं त्याच्या ममीची क्ष-किरणांनीं संगणकीय तपासणी झाली तेव्हां गळ्यावर हाडापर्यंत गेलेली जखम दिसली. वरून गुंडाळलेल्या पट्ट्यांनीं ती तीन हजार वर्षें झांकून ठेविली होती. ममी करणाऱ्यांनीं त्या जखमेंत होरसच्या डोळ्याचा एक ताईत ठेविलेला आहे. परलोकीं तरी ती भरून यावी, अशी त्यांची इच्छा असावी.

यानंतर शिधा थकणें हें नेहमींचेंच झालें, आणि थडगीं बांधणाऱ्यांच्या वंशजांना तीं फोडण्याची वाट ठाऊक होतीच. नवव्या रामसेसच्या १६ व्या वर्षीं चाललेल्या चौकशीचे कागद आज वाचावयास मिळतात. एक पाथरवट आपल्या जबानींत सांगतो कीं, आम्हीं सोबेकेमसाफ राजाचें थडगें फोडलें, देवाच्या अंगावरचें सोनें काढून घेतलें, आणि शवपेट्यांना आग लावली. राजाला तो चोरही 'देव'च म्हणतो! पकडला गेल्यावर त्यानें आपल्या वांट्याचें सोनें एका कारकुनाला चारलें आणि सुटून पुन्हां साथीदारांना जाऊन मिळाला. साथीदारांनीं त्याचा वांटा त्याला नव्यानें भरून दिला.

अखेर अमूनच्या पुजाऱ्यांनीं राजांचे देह थडग्यांतून बाहेर काढले. इ. स. पूर्व अकराव्या आणि दहाव्या शतकांत ते एका जागेहून दुसऱ्या जागीं हलवीत हलवीत देर अल्-बहरीजवळच्या एका कड्याच्या खबदाडांत आणून रचले. उरलेंसुरलें सोनें या हलवाहलवींत पुजाऱ्यांच्या कोठारांत गेलें, असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तें खरें वाटतें. १८८१ सालीं सरकारी अधिकारी त्या भुयारांत उतरले तेव्हां तिसरा थुतमोस, दुसरा रामसेस, तिसरा रामसेस असे एकाहून एक सम्राट् साध्या लांकडी पेट्यांत दाटीवाटीनें पडलेले होते. दुसऱ्या रामसेसच्या नाकपुड्यांत पुढें मिऱ्याचे दाणे आढळले. ते आपल्या मलबारच्या बाजूनेंच तेथवर गेलेले असले पाहिजेत. नौकेंतून हे देह कैरोला नेत असतां कांठावरल्या गांवांतील बायका केंस मोकळे सोडून आक्रोश करीत बरोबर धांवत होत्या. २०२१ सालच्या एप्रिलमध्यें प्राचीन राजे व राण्या यांपैकीं २२ जणांची कैरोच्या रस्त्यांतून पुन्हां एकदां मिरवणूक निघाली, तोफांची सलामी झाली, आणि त्यांना नव्या संग्रहालयांत नेऊन ठेवण्यांत आलें.

कोण कोणता राजा हें १८८१ सालीं ओळखतां आलें त्याचें कारण एवढेंच कीं, त्या पुजाऱ्यांनीं सोनें काढून घेतलें तरी देह नव्या कापडांत नीट गुंडाळले होते, आणि प्रत्येक कापडावर किंवा पेटीवर काळ्या शाईनें राजाचें नांव लिहून ठेविलें होतें.